चिखलातला थर्मामीटर: अरबी समुद्र आधी किती गरम होता?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी ऑडिओ आहेच. पण एसटीत, लेक्चरच्या मागच्या बाकावर किंवा रेंज नसलेल्या गावात बसून वाचणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे म्हणजे' काढलेत, बाकी जवळपास जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा भाग रेकॉर्ड केलाय तळ्यात. तळं म्हणजे पाण्याचं नाही, रायगड जिल्ह्यातलं तळा गाव, तालुक्याचं ठिकाण. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला उतरायचं आणि तिथून आत वळायचं. डोक्यावर तळगड किल्ला, आणि गावातून पुढे मांदाडच्या बाजूला गेलात की राजपुरीची खाडी. हे माझं आजोळ. मागे कोंबडा आरवताना ऐकू आला तर समजून घ्या.

मामांचा प्रश्न

3 जून 2020. लॉकडाऊन चालू होता, मी मुंबईत अडकलेलो. दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मामांचा फोन लागेना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, कितीतरी दिवस. गावातली वीज गेलेली, टॉवर बंद. शेवटी गावातलं कोणीतरी माणगावला गेलं आणि तिथून निरोप आला की सगळे सुखरूप आहेत. घराची अर्धी कौलं उडाली होती. मागच्या वाडीतला फणस मुळासकट आडवा झाला होता आणि आंब्याची कलमं मोडली होती. कलम धरायला वर्षं लागतात, मोडायला एक दुपार पुरते.

आज इतक्या वर्षांनी पडवीत बसून मी मामांना सांगत होतो की वादळाच्या आधी अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान 30 अंशांच्या वर गेलं होतं, समुद्र तापतोय, वगैरे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"अरे, टीव्हीवाले पण तेच सांगतात, समुद्र गरम झाला. पण आधी किती होता ते कोणी बघितलंय? माझ्या आज्याने थर्मामीटर टाकला होता काय खाडीत?"

मी म्हटलं, "मामा, आज्याने नाही टाकला. पण समुद्राच्या तळाशी एक पडलेला आहे."

"कसला?"

"चिखल."

मामा हसले. पण प्रश्न एकदम बरोबर होता. 'गरम झाला' असं म्हणायचं तर 'कशापेक्षा' ते सांगावं लागतं. आजचा अख्खा भाग त्या 'कशापेक्षा'वर आहे.

मोजलेला समुद्र फक्त दीडशे वर्षांचा

आधी हे बघू की प्रत्यक्ष मोजलेलं काय आहे. उपग्रहातून समुद्राचं तापमान सलग मोजलं जातंय 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून. म्हणजे तुमच्या आईबाबांच्या वयाएवढी ती नोंद आहे. समुद्रात तरंगणारी, खाली बुडी मारून वर येऊन उपग्रहाला आकडे पाठवणारी आर्गो नावाची यंत्रं आली ती 2000 च्या आसपास. त्याच्या मागे गेलात तर जहाजांच्या नोंदी. खलाशी बादली दोरीने खाली सोडायचे, पाणी वर ओढायचे, त्यात थर्मामीटर बुडवायचे आणि वहीत आकडा लिहायचे. बादली कॅनव्हासची की लाकडाची, यावरही आकडा थोडा बदलायचा. असं करत करत आपण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचतो. तिथे वही संपते.

समुद्राच्या मानाने दीडशे वर्षं म्हणजे काहीच नाही. त्यामुळे 'हे नेहमीचंच चढउतार आहे की वेगळं काही?' या प्रश्नाला फक्त वहीवरून उत्तर देता येत नाही. त्यासाठी जुनी वही हवी, आणि ती कोणी लिहिलेली नाही. ती साचलेली आहे.

खाडीचा चिखल का चालत नाही?

मामांचं पुढचं वाक्य अपेक्षितच होतं: "चिखल पाहिजे तर चल, ओहोटी लागलीये. पाहिजे तेवढा घे."

तो चालत नाही, आणि का चालत नाही हे कळलं की अर्धा विषय कळतो. खाडीत रोज दोनदा भरती-ओहोटी होते. पावसाळ्यात डोंगरावरची माती लोंढ्याने येते. होड्या, जाळी, खेकडे सगळे मिळून गाळ ढवळत राहतात. आज खाली गेलेला गाळ उद्या वर येतो. वहीची पानं सुटी करून पिसल्यासारखं होतं.

दुसरं कारण जास्त भारी आहे. सुमारे 21 हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाचा कडाका होता तेव्हा, जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. म्हणजे राजपुरीची खाडी तेव्हा खाडीच नव्हती, एक कोरडी दरी होती, तळाशी नदी वाहत असेल. जंजिऱ्याचा खडक म्हणजे जमिनीवरची एक टेकडी. किनारा कुठच्या कुठे पश्चिमेला. ज्या जागी समुद्रच नव्हता, तिथला चिखल समुद्राचं तापमान कुठून सांगणार?

म्हणून लांब जावं लागतं. किनाऱ्याजवळचा उथळ भाग संपतो, उतार लागतो आणि पुढे हजारो मीटर खोल समुद्र. तिथे लाटा पोचत नाहीत. वरून बारीक धूळ, माती आणि मेलेल्या सूक्ष्म जिवांची कवचं पावसासारखी सावकाश पडत राहतात. हजारो, लाखो वर्षं, थरावर थर.

चिखल काढायचा कसा?

हे काम आपल्याकडे कुठे चालतं? मुख्यतः गोव्यात. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली सुरू झालेली. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आणि एक जहाज लक्षात ठेवा: सागर कन्या, 1983 साली सेवेत आलेलं. शास्त्रीय लेखांत चिखलाच्या नमुन्याचं नाव 'एसके'ने सुरू होताना दिसलं की तो सागर कन्येवरून काढलेला असतो.

धान्याचा व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसतो आणि आतले दाणे बाहेर काढून बघतो, ते बघितलंय ना? तीच आयडिया. एक लांब पोलादी नळी, आत प्लास्टिकचा पाइप, वर भलंमोठं वजन. जहाजावरून केबलने खाली सोडायची. वजनाच्या जोरावर नळी तळात घुसते, वर ओढली की आत चिखलाचा सलग दंडगोल. याला कोअर म्हणतात. वरचं टोक म्हणजे आज, खालचं टोक म्हणजे खूप जुनं.

खोल जायचं असेल तर ड्रिलिंगचं जहाज लागतं. 2015 च्या एप्रिल-मे महिन्यांत जॉइडीस रेझोल्यूशन हे जहाज आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 475 किलोमीटरवर, लक्ष्मी खोऱ्यात उभं होतं. मोहिमेचे दोन प्रमुख शास्त्रज्ञ होते: गोव्याच्या केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट. साडेतीन किलोमीटरहून जास्त पाण्याखाली त्यांनी तळाच्या आत 1,100 मीटरपर्यंत छिद्र पाडलं. तिथून लाखो वर्षांचा मान्सून आणि हिमालयाची झीज वाचता येते.

मोबाईल उभा धरा

आता एक काम करा. फोन हातात आहेच, तो उभा धरा. लांबी साधारण 16 सेंटिमीटर.

खोल समुद्रात गाळ साचण्याचा वेग जागेनुसार बदलतो. आपण हिशेबासाठी हजार वर्षांना 5 सेंटिमीटर धरू. मग तुमच्या फोनच्या उंचीएवढ्या चिखलात तीन हजारांहून जास्त वर्षं मावतात. इथे मांदाडच्या रस्त्यावर कुडा लेणी आहेत, खाडीकडे तोंड करून डोंगरात कोरलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची. ती कोरली जात होती तेव्हा पडलेला गाळ वरून फक्त 10 सेंटिमीटरवर. हिमयुगाचा कडाका वरून एक मीटरभर खाली, म्हणजे तुमच्या कमरेएवढ्या खोलीवर.

आणि तुमचे आजी-आजोबा जन्मल्यापासूनची 70 वर्षं? साडेतीन मिलिमीटर. फोनच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. हा आकडा डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तापमान कुठे लिहिलंय?

चिखलात तापमान लिहून ठेवणारे दोन मुख्य कारकून आहेत. पहिल्याचं नाव फोरॅमिनिफेरा, लाडाने फोरॅम. एकपेशीय जीव, अंगावर चुन्याचं कवच. मोठा असला तर बारीक वाळूच्या कणाएवढा. यातला ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर नावाचा समुद्राच्या अगदी वरच्या पाण्यात राहतो. काही आठवडे जगतो, कवच बांधतो, मरतो. कवच तळाशी जाऊन पडतं.

कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. पण बांधताना कॅल्शियमच्या जागी मधूनच एखादा मॅग्नेशियमचा अणू बसतो. पाणी जितकं गरम, तितका मॅग्नेशियम जास्त. दर अंशामागे हे प्रमाण सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं.

हे कोणी पक्कं केलं? 2003 साली पल्लवी आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिकमध्ये वरून पडणारा गाळ पकडणाऱ्या सापळ्यातले फोरॅम तपासले. कवच कधी पडलं आणि तेव्हा पाणी किती गरम होतं, दोन्ही माहीत. त्यावरून सूत्र निघालं. त्यात आकडे टाकून बघूया. हजार कॅल्शियम अणूंमागे 5 मॅग्नेशियम सापडले तर तापमान येतं सुमारे 28.6 अंश. 4 सापडले तर सुमारे 26.2 अंश.

परत वाचा. हजारात एक अणू कमी, की तापमान जवळपास अडीच अंशांनी खाली. अख्खं हिमयुग त्या एका अणूच्या फरकात लपलेलं असतं.

म्हणून प्रयोगशाळेतलं काम भयंकर चिकाटीचं. कोअर उभा कापायचा. दर एक-दोन सेंटिमीटरला नमुना घ्यायचा. बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा. मग मायक्रोस्कोपखाली बसून, ओल्या ब्रशच्या टोकाने, एकाच जातीची, एकाच आकाराची कवचं एकेक करून वेचायची. तांदूळ निवडायला बसल्यासारखं, फक्त इथे तांदूळ अर्ध्या मिलिमीटरहून लहान. मग कवचं हलकेच फोडून आतली माती धुवायची, कारण मातीतही मॅग्नेशियम असतो आणि चिमूटभर माती राहिली तरी तापमान उगाच जास्त दिसतं. शेवटी आम्लात विरघळवून यंत्रात अणू मोजायचे. हे सगळं एका नमुन्याचं. कोअरमध्ये असे शेकडो असतात.

दुसरा कारकून म्हणजे एक शेवाळ, इमिलियानिया हक्सलेयी. ते अल्केनोन नावाचे मेणासारखे रेणू बनवतं. थंड पाण्यात त्यातले तीन दुहेरी बंध असलेले रेणू जास्त, गरम पाण्यात दोन बंधवाले जास्त. शेवाळ मरतं, रेणू गाळात टिकतात. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की तापमान. ही पद्धत 1980 च्या दशकात पुढे आली.

आणि त्याही आधीची पद्धत? 1947 मध्ये हॅरॉल्ड युरी यांनी मांडलं की कवचातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या प्रकारांवरून तापमान काढता येईल. 1955 मध्ये चेझारे एमिलियानी यांनी समुद्राच्या कोअरवर ते करून दाखवलं. अडचण एकच: जगात बर्फ किती आहे, यावरही ते प्रमाण बदलतं. त्यामुळे आकड्यातला किती भाग तापमानाचा आणि किती बर्फाचा, ते सुटं करता येईना. मॅग्नेशियम आल्यावर ती गाठ बरीचशी सुटली.

आणि तारीख?

कुठला थर कधीचा हे बघायला तीच कवचं कामाला येतात. सुमारे 50 हजार वर्षांपर्यंत कार्बन-14. त्यामागे ऑक्सिजनच्या चढउतारांचा जगभर जुळणारा नकाशा वापरतात.

एक छोटी खूणही आहे, मला फार आवडते. रूबरची एक गुलाबी जात होती. हिंदी आणि प्रशांत महासागरांतून ती सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. अटलांटिकमध्ये अजून जिवंत आहे. त्यामुळे आपल्या बाजूच्या कोअरमध्ये खाली खाली जाताना गुलाबी कवचं दिसायला लागली, की समजायचं, तो मैलाचा दगड आला.

हे थर्मामीटर खोटं बोलतात का?

कधीकधी, हो. आणि कुठे फसवतात हे शास्त्रज्ञांना माहीत आहे, म्हणून तर भरवसा ठेवता येतो.

एक: फार खोल पाण्यात कवचं विरघळायला लागतात आणि मॅग्नेशियम आधी निघून जातो. मग समुद्र होता त्यापेक्षा थंड वाटतो. म्हणून कोअर कुठल्या खोलीवरून काढला ते बघावं लागतं.

दोन: पाण्याच्या खारटपणाचाही मॅग्नेशियमवर थोडा परिणाम होतो. अरबी समुद्र खारट, बंगालचा उपसागर नद्यांमुळे गोडसर. दोन्हीकडे सूत्र डोळे मिटून लावता येत नाही.

तीन: अल्केनोनचं मीटर 28-29 अंशांच्या आसपास संपतं. तीन बंधवाले रेणू जवळजवळ उरतच नाहीत. आपल्यासारख्या गरम समुद्रात ही मोठीच पंचाईत. ताप मोजायला घ्यावा आणि थर्मामीटर 100 लाच संपावा, तसं.

चार: ऋतू. अरबी समुद्रात पावसाळ्याचे वारे ओमानच्या बाजूला खालचं थंड पाणी वर खेचतात. तिथल्या गाळात 'थंड' असं दिसलं तर कदाचित जग थंड झालेलं नसेल, मान्सूनचे वारे जोरात वाहत असतील.

म्हणून एका पद्धतीवर, एका कोअरवर कोणी विसंबत नाही. आणि एकट्या आकड्यात साधारण एक अंश इकडेतिकडे धरूनच बोलायचं.

मग चिखल म्हणतो काय?

2005 मध्ये गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव सारस्वत, राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरातल्या एका कोअरवर रूबरमधला मॅग्नेशियम मोजला. नोंद निघाली सुमारे 1 लाख 37 हजार वर्षांची. त्यांना दिसलं की हिमयुगाच्या कडाक्यात तिथला पृष्ठभाग आजच्यापेक्षा सुमारे 2.1 अंशांनी थंड होता. अरबी समुद्रातल्या अल्केनोनच्या नोंदीही साधारण दोन-तीन अंशांचाच फरक दाखवतात. दोन वेगळे जीव, दोन वेगळ्या पद्धती, उत्तर जवळपास एक.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? दोन-तीन अंश म्हणजे एसीचा रिमोट दोनदा दाबला. पण त्या दोन-तीन अंशांच्या जगात युरोप-अमेरिकेच्या मोठ्या भागावर किलोमीटरभर जाडीचा बर्फ होता, आपला मान्सून कमजोर होता आणि जंजिरा टेकडीवर होता. समुद्राचा एक अंश आणि खोलीतला एक अंश यांची किंमत सारखी नसते.

त्याच कोअरमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, मागच्या उबदार काळात, समुद्र आजच्यापेक्षा थोडा जास्तच गरम होता. इथे कोणीतरी लगेच म्हणेल, "बघा! कारखाने नव्हते तेव्हाही समुद्र गरम होताच की!" बरोबर. पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलांमुळे तसं झालं होतं. पण दोन गोष्टी विसरू नका. त्या काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा पाच ते दहा मीटर वर होती. मामांची खाडीकाठची खारजमीन तेव्हा पाण्याखाली असणार.

दुसरी गोष्ट 'आज' या शब्दाची. चिखलाचा 'आज' म्हणजे तुमचा-माझा आज नाही. कोअरच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरचा 'आज' काही शतकांची सरासरी असतो. त्यात शिवकाळ आला, पेशवाई आली, कदाचित यादवही आले. निसर्ग वादळाचं वर्ष त्यात बुडून जातं.

साडेतीन मिलिमीटरची गोष्ट

आता तो साडेतीन मिलिमीटरचा आकडा परत काढा.

हिमयुगातून बाहेर येताना समुद्र तापायला सुरुवात झाली सुमारे 18-19 हजार वर्षांपूर्वी, आणि आजच्या आसपास पोचायला साधारण दहा हजार वर्षं लागली. तीन अंश धरले तरी सरासरी वेग शंभर वर्षांना 0.03 अंश.

आणि आता? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी काढलेला आकडा: 1950 ते 2020 या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग दर दहा वर्षांना 0.12 अंशांनी तापला. शंभर वर्षांच्या हिशेबाने 1.2 अंश. भागाकार केला तर चाळीसपट वेग.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर व्हॉट्सअॅप फॉरवर्ड आणि आपल्यात फरक काय? हा चाळीसपटीचा आकडा काटेकोर नाही. एक तर जुनं तापणं सरळ रेषेत झालं नाही. मध्ये थांबलं, उलट फिरलं, परत सुटलं. आणि चिखल बारीक चढउतार पुसून टाकतो. तळावर किडे फिरतात, वरचे काही सेंटिमीटर ढवळतात. जुन्या काळात 70 वर्षांसाठी समुद्र झपाट्याने तापून परत निवला असेल, तर खोल समुद्राच्या कोअरमध्ये ते दिसणारच नाही. साडेतीन मिलिमीटर वाचता येत नाहीत.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण नीट. चिखल आपल्याला दर वर्षीचा आकडा देत नाही, तो आपल्याला समुद्राची मर्यादा दाखवतो. हजारो वर्षं हा समुद्र साधारण किती अंशांच्या आत राहिला, ते तो सांगतो. दहा वर्षांचा वेग उपग्रह आणि जहाजं सांगतात. मधल्या काही शतकांसाठी लक्षद्वीपसारख्या ठिकाणचे प्रवाळ कामाला येतात, कारण प्रवाळात झाडासारखे वर्षावर्षाचे थर असतात. तीन वह्या एकमेकींना जोडायच्या, तेव्हा मामांच्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं.

आणि ते उत्तर असं: हिमयुग आणि आज यांच्यात फरक दोन-तीन अंशांचा. कोल यांच्या गटाच्या अंदाजानुसार 2020 ते 2100 या काळात हिंदी महासागर शतकाला 1.7 ते 3.8 अंश या वेगाने तापू शकतो. नेमका किती, ते आपण किती कोळसा आणि तेल जाळतो त्यावर. म्हणजे अख्ख्या हिमयुगाएवढी उडी, पण उलट्या दिशेने, गरम बाजूला, आणि दहा हजार वर्षांऐवजी एका माणसाच्या आयुष्यात. तुमच्या.

निसर्गचं काय?

चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस-सत्तावीस अंशांहून गरम पाणी लागतं, तेच त्याचं इंधन. अरबी समुद्र मे-जूनमध्ये पूर्वीही तेवढा गरम असायचा. त्यामुळे 'निसर्ग फक्त तापमानवाढीमुळे आलं' असं मी म्हणणार नाही. वरच्या वाऱ्यांची दिशा, मान्सूनची वेळ, बरंच काही जुळून यावं लागतं. पण 30 च्या वर गेलेला समुद्र म्हणजे चुलीत आधीच जास्त लाकडं रचून ठेवलेली. ठिणगी कधी पडेल ते सांगता येत नाही. पडली तर जाळ मोठा होणार, हे सांगता येतं.

आणि चिखल वाचण्याचा खरा उपयोग इथे आहे. पुढच्या ऐंशी वर्षांचे अंदाज कॉम्प्युटरची मॉडेलं देतात. ती मॉडेलं बरोबर आहेत का, हे तपासायला भविष्य उपलब्ध नाही. भूतकाळ आहे. मॉडेलला हिमयुग घडवायला सांगायचं आणि समुद्राचं तापमान चिखलाशी जुळतं का ते बघायचं. गोव्यातल्या कोणीतरी मायक्रोस्कोपखाली वेचलेले ते इवलेसे दाणे म्हणजे मॉडेलची परीक्षा घेणारी उत्तरपत्रिका.

पडवीत परत

हे सगळं मी मामांना सांगितलं, अर्थात एवढं सरळ नाही, मध्ये चहा झाला. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझा फोन हातात घेऊन आडवा धरला, कडेची जाडी बघितली.

"म्हणजे माझं सगळं आयुष्य ह्याच्या निम्म्यात?"

"हो मामा."

"आणि तेवढ्यात एवढं झालं?"

मी काही बोललो नाही. मामा उठून वाडीत गेले. फणस पडला होता त्या जागी त्यांनी नवीन कलम लावलंय, माझ्या खांद्याएवढं झालंय. त्याला दोन्ही बाजूंनी बांबूचा आधार बांधलाय, पूर्वी कोणी बांधत नसे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "वारा आता तसा राहिला नाही ना."

तर मंडळी, एक घरचा अभ्यास. तुमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी समुद्र, पाऊस, वारा कसा होता. व्हॉइस नोट करून ठेवा, आम्हालाही पाठवा. ती नोंदसुद्धा साडेतीन मिलिमीटरचीच असेल. पण त्या मिलिमीटरांत काय झालं हे चिखल सांगू शकत नाही. ते आपल्यालाच लिहून ठेवावं लागेल.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, काळजी घ्या!